वेन शॉर्टर : सॅक्सोफोन, संगीतरचना आणि पन्नास वर्षांची बौद्ध साधना

वेन शॉर्टर (जन्म : २५ ऑगस्ट १९३३, नेवार्क, न्यू जर्सी, मृत्यू : २ मार्च २०२३, लॉस एंजेलिस) हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय जॅझ सॅक्सोफोनवादक आणि संगीतरचनाकार. टेनर आणि सोप्रानो या दोन्ही प्रकारच्या सॅक्सोफोनवर त्यांचे प्रभुत्व होते. आर्ट ब्लेकी यांचे 'जॅझ मेसेंजर्स', माइल्स डेव्हिस यांचे पंचक आणि 'वेदर रिपोर्ट' या जॅझच्या इतिहासातल्या तीन मोठ्या वाद्यवृंदांत ते होते, आणि तिन्ही ठिकाणी त्यांच्या रचनांनी त्या वृंदाचा चेहरा घडवला. त्यांना एकूण १२ ग्रॅमी पुरस्कार मिळाले. १९७३ पासून अखेरपर्यंत ते निचिरेन परंपरेतले बौद्ध होते.

परदेशातले बौद्ध म्हटले की आपल्याकडे एखाद्या हॉलिवूड नटाचे नाव लगेच निघते. शॉर्टर यांचे नाव आपल्या व्यासपीठांवर क्वचितच ऐकू येते आणि मराठीत त्यांच्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे. गुलामगिरीचा वारसा असलेल्या समाजातला, कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या कामगाराचा हा मुलगा बुद्धाकडे कसा आला आणि त्या वाटेवर पन्नास वर्षे कसा टिकला, हे आपल्या वाचकांना माहीत असावे म्हणून ही नोंद.

सॅक्सोफोन आपल्याला अनोळखी नाही. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स यांनी १८४०च्या दशकात तो बनवला आणि १८४६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तो पितळेचा असला तरी आवाज तोंडाशी लावलेल्या वेताच्या पातीतून निघतो, म्हणून त्याची गणना क्लॅरिनेटच्या कुळात होते. हिंदी चित्रपटसंगीतात तो गाजला. वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे कितीतरी हात आपल्याच वस्त्यांतले आहेत. त्यांच्यावर अशी नोंद कोणी लिहीत नाही, हा वेगळा विषय आहे आणि तो कधीतरी घ्यायलाच हवा.

नेवार्कचे दिवस

नेवार्क हे न्यूयॉर्कच्या शेजारचे कारखान्यांचे शहर. शॉर्टर वाढले ते तिथल्या आयर्नबाउंड या कामगार भागात. वडील जोसेफ सिंगर शिलाई मशीनच्या कारखान्यात वेल्डर होते, आई लुईस फरचे कपडे करणाऱ्याकडे कामाला जात. थोरला भाऊ अ‍ॅलन पुढे ट्रम्पेटवादक झाला. वेन यांचा ओढा आधी चित्रकलेकडे होता. बाराव्या वर्षी त्यांनी एक चित्रकला स्पर्धा जिंकली आणि पंधराव्या वर्षी 'अदर वर्ल्ड्स' नावाचे विज्ञानकथेचे कॉमिक पुस्तक स्वतः काढून पूर्ण केले. त्यांना नेवार्कच्या कला विद्यालयात प्रवेश मिळाला तो चित्रकलेमुळेच. तिथे हा मुलगा वर्ग बुडवून, पालकांच्या खोट्या चिठ्ठ्या देऊन थिएटरात चित्रपट आणि जॅझचे कार्यक्रम बघायला जाई. पकडल्यावर शाळेने त्याला शिस्तीसाठी संगीताच्या वर्गात बसवले. अशी शिक्षा सगळ्यांच्या वाट्याला येवो!

क्लॅरिनेट हातात आला तेव्हा ते सोळाच्या आसपास होते. म्हणजे सुरुवात उशिराच झाली. लवकरच ते टेनर सॅक्सोफोनकडे वळले. दोघे भाऊ बीबॉप या त्या काळच्या नव्या, वेगवान जॅझचे वेडे होते. मुद्दाम चुरगळलेले कपडे घालायचे, ऊन असताना पावसाळी बूट चढवायचे आणि नोटेशनच्या जागी स्टँडवर वर्तमानपत्र ठेवून वाजवायचे, असे त्यांचे प्रकार चालत. वेन यांनी वाद्याच्या पेटीवर 'मिस्टर वियर्ड', म्हणजे 'विचित्र महाशय', असे रंगवून घेतले होते. नेवार्कचेच कवी अमिरी बराका (तेव्हाचे लेरॉय जोन्स) यांनी १९५९ मध्ये या तरुणाची ओळख करून देणारा लेख लिहिला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे विचित्रपणाची तुलना करताना वस्तीतली मुले वेन यांचेच नाव घेत.

शाळा संपल्यावर शॉर्टर यांनी वर्षभर वडिलांच्याच कारखान्यात काम करून पैसे साठवले आणि मग न्यूयॉर्क विद्यापीठात प्रवेश घेतला. १९५६ मध्ये त्यांना संगीतशिक्षणाची पदवी मिळाली. कामगार वस्तीतल्या कुटुंबात पहिली पदवी कशी येते, त्यासाठी कोण किती वर्षे थांबते, हे आपल्या घरांत वेगळे सांगावे लागत नाही. त्यानंतर सुमारे दोन वर्षे सक्तीची लष्करी सेवा झाली.

जॅझ मेसेंजर्स आणि धर्मांतराचा एक दुर्लक्षित इतिहास

१९५९ मध्ये शॉर्टर आर्ट ब्लेकी या ढोलवादकाच्या 'जॅझ मेसेंजर्स'मध्ये दाखल झाले आणि पाच वर्षे राहिले. थोड्याच काळात वृंदाचे संगीत-दिग्दर्शनही त्यांच्याकडे आले. ब्लेकी तरुणांना घडवत आणि मोकळे सोडत. जॅझमध्ये त्यांच्या वृंदाला विद्यापीठच मानले जाते.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण जॅझच्या चरित्रांत ती एका ओळीत उरकली जाते. आर्ट ब्लेकी यांनी १९४०च्या दशकात इस्लाम स्वीकारला होता आणि अब्दुल्ला इब्न बुहैना हे नाव घेतले होते. ते एकटे नव्हते. सॅक्सोफोनवादक युसेफ लतीफ, पियानोवादक अहमद जमाल असे अनेक कृष्णवर्णीय कलावंत त्या पिढीत मुस्लिम झाले. यात अहमदिया प्रचारकांचा मोठा वाटा होता. डिझी गिलेस्पी यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे की, नाव आणि धर्म बदलल्यावर काहींना 'कलर्ड' या शिक्क्यातून सुटका मिळाली आणि गोऱ्यांसाठी राखीव जागी प्रवेशही मिळाला. गिलेस्पी स्वतः १९६८ मध्ये बहाई झाले.

ज्या धर्माच्या छायेत गुलामगिरी पोसली गेली त्याच धर्मात आत्मसन्मान शोधायचा की दुसरे घर बांधायचे, हा प्रश्न कृष्णवर्णीय अमेरिकेत दीर्घकाळ गाजला. समाजशास्त्राच्या भाषेत याला 'ओळखीची पुनर्रचना' म्हणतात. आम्हाला हा शब्द अपुरा वाटतो. १४ ऑक्टोबर १९५६ ज्यांच्या घरात सांगितला जातो त्यांना या घटना आतून कळतात. दोन्हींत फरकही मोठा आहे. तिकडे धर्मांतर एकेकट्याचे किंवा लहान गटांचे होते. बाबासाहेबांनी लाखोंच्या समाजाला एकत्र नेले आणि त्यामागे वीस वर्षांहून अधिक अभ्यास होता. शॉर्टर यांचा निर्णय पहिल्या प्रकारातला होता आणि तो बराच पुढे, चाळिशीच्या उंबरठ्यावर आला.

माइल्स डेव्हिस यांचे पंचक

१९६४ मध्ये शॉर्टर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्याकडे गेले. पियानोवर हर्बी हॅनकॉक, बासवर रॉन कार्टर आणि ड्रम्सवर टोनी विल्यम्स होते. त्यावेळी विल्यम्स जेमतेम १८ वर्षांचे होते. हे पंचक जॅझमधल्या सर्वश्रेष्ठ समूहांपैकी एक मानले जाते. त्याच्या रचनांचा मुख्य पुरवठादार शॉर्टर होते. 'ई.एस.पी.', 'फूटप्रिंट्स', 'नेफर्टिटी', 'पिनोकियो', 'फॉल' या त्यांच्याच रचना.

त्यांचे वेगळेपण समजून घ्यायला 'नेफर्टिटी' (१९६७) पुरेशी आहे. जॅझमध्ये सहसा आधी मूळ धून वाजते, मग एकेक वादक तिच्यावर स्वतःची उत्स्फूर्त मांडणी करतो आणि शेवटी धून परत येते. 'नेफर्टिटी'त सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट धूनच पुन्हा पुन्हा वाजवत राहतात आणि खाली ड्रम्स, पियानो, बास पेटत जातात. जे मागे साथीला असतात ते पुढे येतात आणि पुढचे दोघे मागचा पडदा होतात. आपल्या मैफलीत लेहरा धरून तबल्याला मोकळे सोडतात, त्याची आठवण मराठी कानाला येईल. 'फूटप्रिंट्स' त्याहून सोपी वाटते. ती बारा मात्रागटांच्या ब्लूजच्या साच्यातलीच आहे, पण लय तिनाच्या अंगाने चालते आणि सूर कुठे टेकतील याचा अंदाज येत नाही.

याच काळात 'ब्लू नोट' कंपनीसाठी त्यांनी स्वतःच्या नावावर ध्वनिमुद्रिका केल्या. 'नाइट ड्रीमर', 'जुजू' आणि 'स्पीक नो ईव्हल' या तिन्हींचे ध्वनिमुद्रण १९६४ या एकाच वर्षातले. 'स्पीक नो ईव्हल'मधील 'इन्फंट आईज' ही संथ रचना त्यांनी मुलगी मियाको हिच्यासाठी केली. तिची आई, म्हणजे शॉर्टर यांची पहिली पत्नी, जपानी वंशाची होती.

या संगीताभोवतीचे वास्तव काय होते? ऑगस्ट १९५९ मध्ये माइल्स डेव्हिस यांना न्यूयॉर्कच्या 'बर्डलँड' क्लबबाहेर पोलिसांनी डोके फुटेपर्यंत मारले होते. आत त्यांच्याच नावाचा कार्यक्रम चालू होता आणि ते दोन खेळांच्या मधल्या वेळात फुटपाथवर उभे होते. १९६७च्या जुलैत नेवार्क पेटले. एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकाला पोलिसांनी मारहाण केल्यावर उसळलेल्या दंगलीत २६ माणसे मेली. शॉर्टर यांनी यावर घोषणा देणारे संगीत केले नाही, आणि त्यासाठी त्यांना कमी लेखण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

वेदर रिपोर्ट

१९६९ मध्ये माइल्स यांच्या 'इन अ सायलेंट वे' आणि 'बिचेस ब्रू' या ध्वनिमुद्रणांत शॉर्टर यांनी सोप्रानो सॅक्सोफोन वाजवला. हे वाद्य सहसा सरळ नळीचे असते, आवाज उंच आणि काहीसा सनईच्या जवळचा. वर्षभरात त्यांनी पियानोवादक जो झाविनुल यांच्यासोबत 'वेदर रिपोर्ट' हा वृंद उभारला. जॅझ, रॉक, विद्युत वाद्ये आणि आफ्रिकी-लॅटिन लयी यांचे मिश्रण करणारा हा वृंद पंधरा वर्षे चालला. त्यांची सर्वाधिक लोकप्रिय चीज, १९७७ची 'बर्डलँड', झाविनुल यांची. नाव अर्थातच त्याच क्लबवरून.

या काळात शॉर्टर कमी वाजवतात, झाविनुल यांच्या सिंथेसायझरमागे लपतात, अशी टीका झाली. टीका पूर्ण खोटी नव्हती. पण १९७५ची 'नेटिव्ह डान्सर' ऐकली की त्यांच्यातला रचनाकार कुठे होता ते कळते. ब्राझीलचे कृष्णवर्णीय गायक मिल्टन नासिमेंटो यांच्याबरोबरची ही ध्वनिमुद्रिका. याशिवाय जोनी मिचेल यांच्या अनेक अल्बममध्ये ते वाजले आणि 'स्टीली डॅन'च्या 'एजा' (१९७७) मधील त्यांचा एकल तुकडा जॅझ न ऐकणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

बुद्धाकडे

हर्बी हॅनकॉक १९७२ मध्ये बासवादक बस्टर विल्यम्स यांच्यामुळे निचिरेन बौद्ध साधनेकडे वळले. त्यांनी ती गोष्ट शॉर्टर आणि त्यांची दुसरी पत्नी आना मारिया यांना सांगितली. १९७३ मध्ये शॉर्टर यांनी साधना सुरू केली आणि ते सोका गाक्काई या संघटनेचे सदस्य झाले.

निचिरेन (१२२२–१२८२) हे जपानी भिक्खू. सद्धर्मपुंडरीक सूत्र हे बुद्धाच्या शिकवणीचे सार आहे आणि त्या सूत्राच्या नावाचा, म्हणजे 'नाम-म्योहो-रेंगे-क्यो'चा, उच्चार कोणीही करू शकतो, त्यासाठी पुरोहित किंवा मठ लागत नाही, अशी त्यांची मांडणी होती. सत्ताधाऱ्यांनी त्यांना दोनदा हद्दपार केले. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, निचिरेन यांनी आपल्या पत्रांत स्वतःला चांडाळ कुळात जन्मलेला म्हटले आहे. ते समुद्रकाठच्या मासेमारी करणाऱ्या वस्तीतले होते. भारतातून सूत्रांबरोबर जपानपर्यंत पोहोचलेला हा हीनतेचा शब्द त्यांनी लपवला नाही, उलट उघडपणे स्वतःला लावून घेतला. आपल्या अभ्यास वर्गांत यावर बोलले गेले पाहिजे.

हाच मंत्र महाराष्ट्रानेही ऐकलेला आहे. निप्पोनझान म्योहोजी या निचिरेन परंपरेतल्या संघाचे संस्थापक फुजी गुरुजी १९३१ मध्ये भारतात आले. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप त्याच संघाचा. तिथे डफासारख्या वाद्याच्या तालावर म्हटले जाणारे शब्द तेच आहेत. मात्र हा भिक्खूंचा संघ आणि सोका गाक्काई ही वेगवेगळी घरे आहेत. सोका गाक्काई ही गृहस्थांची संघटना १९३० मध्ये शिक्षक माकिगुची यांनी स्थापन केली. युद्धकाळात शासनपुरस्कृत शिंतो उपासना नाकारल्याबद्दल त्यांना अटक झाली आणि १९४४ मध्ये तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. पुढे संघटना प्रचंड वाढली. तिच्यावर व्यक्तिपूजेचे आणि राजकारणात उतरल्याचे आक्षेप झाले. अमेरिकेत मात्र कृष्णवर्णीय आणि लॅटिन लोक ज्या बौद्ध संघटनेत मोठ्या संख्येने दिसतात ती हीच.

आता अवघड प्रश्न. बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात मंत्रजपाने इच्छा पूर्ण होण्याला थारा नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचलेल्या माणसाला कोणी सांगितले की अमुक शब्द म्हटल्याने नोकरी लागते, तर तो प्रश्न विचारणारच, आणि त्याने तो विचारावा. शॉर्टर यांच्या चरित्राने हा प्रश्न सुटत नाही. पण ते या साधनेविषयी बोलत तेव्हा मागण्याची भाषा फारशी नसे. भीती बाजूला ठेवणे, येईल त्या प्रसंगाला सामोरे जाणे, समोरच्याचे ऐकणे हे विषय असत. जॅझ या शब्दाचा अर्थ त्यांच्यासाठी 'कर हिंमत' असा आव्हानाचा होता, आणि साधना त्या हिंमतीची तयारी. अप्पमादाची शिकवण ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे परके वाटणार नाही.

दोन मृत्यू

शॉर्टर आणि आना मारिया यांची मुलगी इस्का हिला लहानपणापासून मेंदूचा आजार होता, झटके येत. ती ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, वयाच्या १४व्या वर्षी गेली. १९७०ची 'ओडिसी ऑफ इस्का' तिच्या नावाची.

१७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसमार्गे रोमला निघालेले टीडब्ल्यूए कंपनीचे ८०० क्रमांकाचे विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच लाँग आयलंडजवळ समुद्रावर फुटले. विमानातले सर्व २३० जण मरण पावले. त्यांत आना मारिया आणि त्यांची तरुण भाची होती. युरोपच्या दौऱ्यावर असलेल्या शॉर्टर यांना भेटायला त्या निघाल्या होत्या. हॅनकॉक यांनी नंतर सांगितले आहे की, सांत्वनाला आलेल्या मित्रांनाच शॉर्टर धीर देत होते.

आमच्या कामात मृत्यू झालेल्या घरी जाणे वारंवार होते. तिथे 'कोणत्या जन्माचे पाप' हे वाक्य अजून ऐकू येते, बौद्ध घरांतही. गेल्या जन्मीच्या कर्माने आजचे दुःख समजावणे बाबासाहेबांनी नाकारले, कारण त्याच तर्काने अस्पृश्यताही समजावली जात होती. शॉर्टर ज्या परंपरेतले होते तिथे पूर्वकर्माची भाषा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच परंपरेत 'विषाचे औषध करणे' असाही विचार आहे. त्यांनी हात धरला तो या दुसऱ्या विचाराचा. ते काही महिन्यांतच कामाला लागले. १९९९ मध्ये त्यांनी आना मारिया यांची मैत्रीण कॅरोलिना हिच्याशी लग्न केले.

१९९७ मध्ये हॅनकॉक आणि शॉर्टर यांची 'वन प्लस वन' आली. फक्त पियानो आणि सोप्रानो, दुसरे कोणी नाही. तीत शॉर्टर यांची 'आंग सान सू ची' ही रचना आहे. तेव्हा सू ची म्यानमारच्या लष्कराविरुद्धच्या लढ्याचे प्रतीक होत्या. या रचनेला ग्रॅमी मिळाले. दोन दशकांनी त्यांच्याच सरकारच्या काळात लाखो रोहिंग्यांना देश सोडून पळावे लागले आणि बौद्ध राष्ट्र म्हणवणाऱ्या देशाची मान खाली गेली. आज ही चीज ऐकताना ते नाव टोचते. पण रचना जेव्हा झाली तेव्हाच्या निष्ठेने ती ऐकायला हरकत नसावी.

उत्तरार्ध

सत्तरीकडे झुकताना माणसे सहसा जुने पुन्हा वाजवतात. शॉर्टर यांनी २००० मध्ये नवे चतुष्क उभे केले : पियानोवर पनामाचे डॅनिलो पेरेझ, बासवर जॉन पॅटिटुची, ड्रम्सवर ब्रायन ब्लेड. हे चौघे मंचावर काय वाजवणार हे आधी ठरवत नसत. जे अज्ञात आहे त्याची तालीम कशी करणार, असा शॉर्टर यांचा सवाल असे. 'फूटप्रिंट्स लाइव्ह' (२००२) आणि 'विदाउट अ नेट' (२०१३) या त्या मैफलींच्या खुणा. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेने ते चार दशकांनी 'ब्लू नोट'कडे परतले.

२०१६ मध्ये त्यांनी आणि हॅनकॉक यांनी तरुण कलावंतांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. त्यात वाद्याच्या रियाजापेक्षा माणूस म्हणून जागे होण्यावर भर आहे. त्या दोघांचा दाइसाकू इकेदा यांच्याशी झालेला संवाद 'रीचिंग बियॉन्ड' या नावाने पुस्तकरूपात आहे. मिशेल मर्सर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र २००४ मध्ये आले. २०१७ मध्ये त्यांना पोलर संगीत पुरस्कार आणि २०१८ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. पंधराव्या वर्षीचे कॉमिकचे वेड 'एमानॉन' (२०१८) मध्ये परत आले. तीन तबकड्यांबरोबर एक चित्रकथा होती, आणि ग्रॅमीही मिळाले. प्रकृतीमुळे वादन थांबले तेव्हा ते ऑपेरा लिहायला बसले. गायिका व बासवादक एस्पेरान्झा स्पाल्डिंग यांच्यासह केलेली 'इफिजेनिया' नोव्हेंबर २०२१ मध्ये बोस्टनला रंगमंचावर आली. तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. शेवटचे ग्रॅमी मृत्यूच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाले.

ज्यांनी जॅझ कधी ऐकलेले नाही त्यांनी 'नेटिव्ह डान्सर'पासून सुरुवात करावी. त्यात गाणे आहे, त्यामुळे कान लवकर जुळतात. मग 'इन्फंट आईज', मग 'फूटप्रिंट्स'. 'नेफर्टिटी' रात्री, घर शांत झाल्यावर ऐकावी आणि लक्ष ड्रम्सवर ठेवावे.